गुडघ्याची गादी फाटली, म्हणून लगेच ऑपरेशन?

991 माणसं, वय 50 ते 90. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅममध्ये त्यांच्या उजव्या गुडघ्याचा एमआरआय काढला. गुडघा दुखतो की नाही, हे न पाहता ही माणसं निवडली होती. पन्नाशीतल्या 19 टक्के बायकांची आणि सत्तरीपुढच्या 56 टक्के पुरुषांची गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेली निघाली. पण गादी फाटलेल्यांपैकी 61 टक्के लोकांचा गुडघा आधीच्या महिनाभरात दुखला नव्हता की आखडला नव्हता. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ सरळ आहे: वय वाढतं तशी गादी विरते, आणि फाटलेली प्रत्येक गादी दुखत नाही.

मोरिवलीच्या एमआयडीसीत पाळीभर उभं राहून काम करणाऱ्या आणि अंबरनाथ स्टेशनचा पूल रोज चढणाऱ्या माणसाला हे आधी कळायला हवं. गुडघा दुखतो, एमआरआय होतो आणि हातात रिपोर्ट येतो: ‘मीडियल मेनिस्कस, पोस्टेरियर हॉर्न, ग्रेड 3 टिअर’. ‘ग्रेड 3’ वाचून घरचे हबकतात. त्याचा अर्थ एवढाच, की आतल्या बाजूच्या गादीच्या मागच्या भागातली चीर पृष्ठभागापर्यंत आली आहे. तो आजाराचा शेवटचा टप्पा नव्हे.

सांधेदुखी तर आपल्याकडे घरोघरी आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने 1996 साली पाहणी केली, तेव्हा 4,092 प्रौढांपैकी 746 जणांना, म्हणजे 18.2 टक्क्यांना, हाडा-सांध्यांचं दुखणं होतं. दुखणंही सर्रास आणि फाटलेली गादीही सर्रास, म्हणून दोन्ही एकाच गुडघ्यात सापडली तरी एकामुळेच दुसरं झालं, असं लगेच म्हणता येत नाही.

कापून किती फरक पडला?

फिनलंडमध्ये 35 ते 65 वयाच्या 146 रुग्णांवर चाचणी झाली. सांधा न झिजलेले, पण गादी विरून फाटलेले हे रुग्ण. काहींची गादी दुर्बिणीतून खरोखर कापली, बाकीच्यांत फक्त आत पाहून तसा देखावा केला. वर्षभराने दोन्ही गटांना सारखाच आराम होता. पाच वर्षांनी एक्स-रे पाहिले, तर कापलेल्यांपैकी 72 टक्के आणि न कापलेल्यांपैकी 60 टक्के गुडघ्यांत झीज वाढली होती.

अमेरिकेत 45 वर्षांवरच्या 351 जणांत शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी यांची तुलना झाली. हालचाल मोजणाऱ्या 100 गुणांच्या मापावर सहा महिन्यांनी सुधारणा अनुक्रमे 20.9 आणि 18.5 गुणांची होती. मात्र फिजिओथेरपीच्या गटातल्या 30 टक्के लोकांनी त्या सहा महिन्यांत शस्त्रक्रिया करून घेतली, हेही लपवायचं कारण नाही. व्यायाम सगळ्यांना पुरतो असं नाही. पण आधी व्यायाम केल्याने बहुतेकांचं ऑपरेशन टळलं.

टाके कुणासाठी?

गादी कापणं वेगळं आणि शिवणं वेगळं. गादीच्या बाहेरच्या कडेलाच, रुंदीच्या साधारण 10 ते 30 टक्के भागात, रक्त पोचतं आणि तिथली चीर भरून येऊ शकते. वयाबरोबर विरलेल्या आतल्या भागात टाका धरणं अवघड. म्हणून चाळिशी-पन्नाशीनंतर शिवण्याजोग्या गाद्या कमी सापडतात. तरी नुसत्या वयावरून कुणाला नकार देऊ नये.

काही रुग्णांनी मात्र वेळ दवडू नये. गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर लगेच दाखवा. उकिडवं बसताना किंवा पायरी उतरताना गुडघ्यामागे ‘कट्’ आवाज येऊन एकदम कळ आली असेल, तर गादी हाडाला जिथे चिकटते ते मूळच सुटलेलं असू शकतं. रिपोर्टमध्ये ‘रूट टिअर’ असेल आणि सांधा फारसा झिजलेला नसेल, तर शिवण्याचा विचार लवकर व्हावा.

शिवलेल्या गाद्यांपैकी सुमारे 23 टक्के पाच वर्षांनंतरच्या तपासणीपर्यंत निकामी ठरतात. शिवल्यावर साधारण चार ते सहा आठवडे कुबड्या लागतात आणि अंगमेहनतीच्या कामावर परतायला चार ते सहा महिने लागू शकतात. ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, आजारपणाचा भत्ता वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस आणि पगाराच्या 70 टक्के. उरलेले आठवडे कसे काढायचे, याचा हिशेब कामगाराने ऑपरेशनआधीच मांडावा.

बारा आठवडे नेटाने

नॉर्वेत 140 जणांची अशीच तुलना झाली. एका गटाने बारा आठवडे देखरेखीखाली व्यायाम केला, दुसऱ्याची गादी कापली. दोन वर्षांनी दुखण्यात आणि हालचालीत म्हणण्यासारखा फरक नव्हता, मांडीची ताकद मात्र सुरुवातीला व्यायाम करणाऱ्यांची जास्त वाढली. सुरुवात घरच्या घरी होते: पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती पाच सेकंद दाबून धरा आणि सोडा. पुढचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. वजन जास्त असेल तर कमी झालेला प्रत्येक किलो पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार उतरवतो.

2017 साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या तज्ज्ञ आणि रुग्णांच्या गटानेही झिजलेल्या गुडघ्यांसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया जवळजवळ कुणालाच करू नये, असं ठामपणे सांगितलं. तेव्हा ऑपरेशनची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराच: माझी चीर जुनी विरलेली आहे की ताजी? तुम्ही गादी कापणार की शिवणार? आणि आधी तीन महिने व्यायाम केला, तर माझं काही नुकसान होईल का?