स्क्रू फिरवू की नको?

पॅरिस ऑलिम्पिकमधला तो तुर्की काका आठवतोय ना? साधा टी-शर्ट, नाकावर रोजचा चष्मा, एक हात खिशात. युसूफ डिकेच. 2024 मध्ये निम्म्या कॉलेजच्या स्टेटसला तोच होता. त्याच्या शेजारी फोटो असायचा दक्षिण कोरियाच्या किम ये-जीचा, डोळ्यांवर परग्रहावरून आणल्यासारखी भिंगं. एकाने काहीच लावलं नाही, दुसरीने सगळं लावलं, आणि रौप्यपदक दोघांनाही. (डिकेचला ज्या मिश्र सांघिक प्रकारात रौप्य मिळालं, त्यातच मनू भाकर आणि सरबज्योत सिंगने ब्राँझ जिंकलं. मीमवाल्यांना ते फारसं दिसलं नाही. असो.)

पण एक गोष्ट त्या मीममध्ये कुणी बघितलीच नाही. दोघांच्या पिस्तुलावरची साइट एकाच जातीची होती. मागे चौकोनी खाच, पुढे एक उभी काळी पट्टी. संपलं. दहा मीटर एअर पिस्तुलात दुर्बीण, लेसर, लाल ठिपका यातलं काहीच चालत नाही.

आपल्याकडे बुलढाण्यात नेम म्हटला की आधी धनुष्यबाण आठवतो, आणि आठवायलाच पाहिजे. आपल्या प्रथमेश जवकारने मे 2023 मध्ये शांघायच्या वर्ल्ड कप फायनलमध्ये जगातल्या एक नंबरच्या माइक श्लोसरला 149-148 असं हरवलं, आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या एशियाडमध्ये सांघिक सुवर्ण आणलं. पण त्याच्या कंपाउंड धनुष्याच्या साइटमध्ये भिंग असतं, पातळी दाखवणारा बुडबुडा असतो, दोरीत डोळ्यासाठी छोटं भोक असतं. ते बघून आलेला पोरगा पिस्तूल हातात घेतो आणि विचारतो, ‘‘एवढंच?’’

हो, एवढंच. आणि त्यातच सगळी गंमत आहे.

एक हिशेब करून बघा. खाच आणि पुढची पट्टी यांच्यात साधारण 33 सेंटिमीटर अंतर असतं. निशाणा दहा मीटरवर. पट्टी खाचेत फक्त एक मिलिमीटर डावीकडे गेली, तर छर्रा तिकडे तब्बल 30 मिलिमीटर सरकतो. टार्गेटवर एकेक रिंग 8 मिलिमीटरची, म्हणजे मधोमध लागणारा दहा थेट सातवर येतो. आता उलटं बघा. पट्टी खाचेत अगदी बरोबर आहे, पण अख्खा हातच पाच मिलिमीटर बाजूला हलला. छर्रा किती हलेल? पाचच मिलिमीटर. तरीही दहाच!

म्हणजे आपण घाबरतो हात हलण्याला, आणि गुण जातात पट्टी खाचेत तिरकी बसल्याने. म्हणून नजर टार्गेटवर नाही, पुढच्या पट्टीवर ठेवायची. पट्टी धारदार दिसली पाहिजे, टार्गेट धूसर दिसलं तरी चालतं. नवख्याला हे पटतच नाही. ‘‘ज्याला मारायचं ते धूसर कसं चालेल?’’ मलाही नव्हतं पटलं. चष्मा असेल तर शूटिंगसाठी नंबर काढताना डॉक्टरांना हेच सांगा, की मला हाताच्या टोकापलीकडची वस्तू स्पष्ट दिसायला हवी.

आणि पट्टी काळ्या गोलाच्या मधोमध धरू नका. काळ्यावर काळं, कड दिसणारच नाही. गोलाच्या खाली थोडी पांढरी जागा सोडून धरायची आणि साइट अशी लावायची, की छर्रा वर मध्यात जाईल.

आता साइट निवडायची कशी? चांगल्या पिस्तुलाची पट्टी बदलता येते, खाच कमी-जास्त रुंद करता येते. पट्टी खाचेत धरली, की दोन्ही बाजूंना उजेडाच्या दोन फटी दिसतात. सगळा खेळ त्या फटींचा. फटी फार बारीक असतील तर अंधाऱ्या हॉलमध्ये त्या दिसतच नाहीत, डोळा पाणावतो. फार रुंद असतील तर पट्टी मधोमध आहे की नाही हे कळत नाही. हात अजून डुलत असेल तर सुरुवातीला फटी जरा मोकळ्या ठेवा. पट्टी काळ्या गोलाइतकी किंवा किंचित रुंद दिसेल अशी घ्या. पुढे हात बसला की खाच हळूहळू आवळा.

उंच पोरांनो, तुमच्यासाठी एक वेगळी गोष्ट. हात जितका लांब तितकी खाच डोळ्यापासून लांब जाते आणि फटी बारीक दिसतात. म्हणून बुटक्या मित्राची ‘एकदम परफेक्ट’ साइट तुमच्या कामाची नाही. आपल्यासारख्या गावात एक पिस्तूल चार-पाच जणांत फिरतं, त्यामुळे हा मुद्दा छोटा नाही. यावर उपाय वहीचा. स्क्रू एका टोकापर्यंत फिरवा, तिथून आपल्या जागेपर्यंतचे ‘टक टक’ मोजा आणि लिहून ठेवा. वर-खाली किती, डावी-उजवीकडे किती. पुढच्या वेळी पाच मिनिटांत पिस्तूल तुमचं.

आता माझी फजिती. कॉलेजात असताना पहिल्या मोठ्या स्पर्धेला रात्रीच्या बसने पुण्याला गेलो. सुरुवातीला 15 मिनिटं सरावाची असतात, हवे तेवढे शॉट मारा. पहिला शॉट खाली डावीकडे. लगेच स्क्रू. दुसरा उजवीकडे वर. पुन्हा स्क्रू. तिसरा खाली. मागे उभा असलेला आमचा सीनियर नंतर म्हणाला, ‘‘बे, तू नेम धरून रायला होता का रेडिओ लावून रायला होता?’’ मुख्य 60 शॉट सुरू झाले तेव्हा माझी साइट कुठे होती, हे मलाच ठाऊक नव्हतं. दोषही साइटचा नव्हता. उजव्या हाताने मारणाऱ्याने ट्रिगर झटक्याने ओढला, की छर्रा बहुतेक वेळा खाली डावीकडेच जातो. बोटाची चूक मी स्क्रूने दुरुस्त करत होतो.

एनसीसीत रायफलचं ग्रुपिंग केलं असेल तर तुम्हाला हे लवकर समजेल. एक शॉट काहीच सांगत नाही. पाच मारा, मग बघा. पाचही एका जागी पण मध्यापासून लांब, तर साइट हलवा. पाच पाच दिशांना, तर स्क्रू ड्रायव्हर पिशवीत ठेवा आणि बोट, मनगट, उभं राहणं तपासा. मधेच एखादा शॉट आपला आपल्यालाच खराब सुटल्याचं कळतं. तो हिशेबातून काढायचा, त्याच्या मागे धावायचं नाही.

एका क्लिकला छर्रा किती सरकतो? पिस्तुलागणिक वेगळं. स्वतः काढा. पाच शॉट मारा, पाच क्लिक फिरवा, पुन्हा पाच मारा, पट्टीने अंतर मोजा, पाचाने भागा. आणि पुस्तिका वाचा राव! बऱ्याच जर्मन-ऑस्ट्रियन पिस्तुलांवर स्क्रूजवळ ‘एच’ लिहिलेलं असतं, जर्मनमध्ये ‘होख’ म्हणजे वर. त्याचा अर्थ ‘वर न्यायचं असेल तर इकडे’ असा नसून ‘वर लागत असेल तर इकडे’ असा असतो. किती जणांनी उलटं फिरवून टार्गेटचा वरचा कागद फाडलाय, विचारू नका.

उजेडही फसवतो. पत्र्याच्या शेडमध्ये एका बाजूच्या खिडकीतून ऊन आलं की पट्टीची तीच कड चमकते, पट्टी बारीक दिसते आणि सगळा ग्रुप सरकतो. जुने नेमबाज मेणबत्तीची काजळी लावून पट्टी काळीकुट्ट करायचे. आपण निदान खिडकीला पडदा लावू शकतो. स्पर्धेच्या हॉलचा उजेड घरच्यापेक्षा वेगळाच असणार, म्हणून त्या 15 मिनिटांत पहिले पाच शॉट स्क्रूला हात न लावता मारायचे.

माझ्या वहीत पुण्याच्या त्या दिवसाचं पान अजून आहे. वर तारीख, खाली एकूण गुण, आणि क्लिकच्या रकान्यात मोठं प्रश्नचिन्ह. त्यापुढच्या पानावर, महिन्याभराने, तोच रकाना भरलाय: वर-खाली शून्य बदल, डावी-उजवीकडे दोन. गुण तेरा जास्त.