मधु, माध्वी आणि मोह

पालघर व बोईसर-तारापूर या बाजूच्या मद्यांचा विषय निघाला म्हणजे किनाऱ्यावरील ताडी आणि डोंगराकडील मोहाची दारू यांपुढें बोलणें सहसा जात नाहीं. मधापासूनही मद्य होतें, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. हें मद्य 'मीड' या नांवानें आतां महाराष्ट्रांत तयार होतें. पुण्यास मूनशाइन व नाशकास सेराना या नांवांचे त्याचे कारखाने आहेत. पैकीं दुसऱ्याचें नांव आपल्या सातेरी माशीच्या शास्त्रीय नांवावरून घेतलेलें आहे. शहरांत तें उंची मद्य म्हणून खपतें. त्याबरोबरच, पोथ्यांतून जागोजाग येणारें 'मधु' तें हेंच, असें विधानही कानीं येऊं लागलें आहे. ज्यांच्या दप्तरांत वैद्यकाच्या व धर्मशास्त्राच्या पोथ्या आहेत त्यांनीं तें पारखून घेणें अवश्य आहे.

शब्दापुरतें तें खरें आहे. इंग्रजी मीड, ग्रीक मेथू, लिथुआनियन मेदुस आणि आपला मधु हे एकाच मुळाचे शब्द होत. परंतु शब्दाचें कूळ एक म्हणून वस्तु एक ठरत नाहीं. मेदुस म्हणजे नुसता मध, तर ग्रीकांचें मेथू म्हणजे द्राक्षाचें मद्य. संस्कृतांत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दांत नांदतात. कौटिल्यानें सुराध्यक्षाच्या प्रकरणांत द्राक्षरसाच्या मद्यासच मधु म्हटलें आहे, आणि त्याचे कापिशायन व हारहूरक हे प्रकार देशांवरून सांगितले आहेत. कापिशी हें काबूलच्या उत्तरेकडील नगर. तेथील द्राक्षमद्यास आपल्याकडील मोहोळांत शोधूं जाणें व्यर्थ होय.

'माध्वी' या शब्दाची गोष्ट याहूनही अवघड आहे, आणि ती या प्रांताशीं अधिक निगडित आहे. मनूनें सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगितले. त्यांतील माध्वी मधूक वृक्षाच्या फुलांची, असें कुल्लूकभट्टाचें स्पष्टीकरण आहे. अमरकोशांत तर मध्वासव, माधवक, मधु व माध्वीक हे शब्द एकाच ओळींत पर्याय म्हणून गोंविले आहेत. मधूक म्हणजेच आपला मोह. हें झाड जव्हार-मोखाड्याच्या बाजूस किती महत्त्वाचें होतें, याचा पुरावा सरकारी कायद्यांतच आहे. मुंबई सरकारनें 1892 सालीं मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला तो मुख्यतः ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांसाठीं; आणि पालघर 1 ऑगस्ट 2014 पर्यंत ठाणें जिल्ह्यांतच होतें. फूल घरांत ठेवणें म्हणजे दारू गाळण्याची तयारी, असा अबकारी खात्याचा हिशेब. फुलें वाळवून खाणाऱ्या गरिबास त्याचा जाच झाला, हें वेगळें सांगावयास नको. तेव्हां या भागांतील पोथींत 'माध्वी' दिसली तर मधाआधीं मोह आठवावा, असें आम्हांस वाटतें.

मग मधाचें मद्य आपल्याकडे नव्हतेंच काय? तसें नाहीं. चरकाच्या कुष्ठचिकित्सेंत मध्वासव येतो. त्यांत खदिर व देवदार यांच्या काढ्यांत मध घातलेला आहे. ही क्रिया समजण्यास मधाचा स्वभाव पाहावा लागतो. मधांत पाणी शेंकडा 20 च्या आंतच असतें, व साखर इतकी दाट असते कीं किण्व, म्हणजे यीस्ट, तींत वाढूं शकत नाहीं. म्हणूनच चांगला मध वर्षानुवर्षें टिकतो. त्यांत दुप्पट-तिप्पट पाणी मिसळलें म्हणजे किण्वास वाव मिळतो. परंतु मधांत नत्राचा अंश अत्यल्प असल्यामुळें क्रिया मंद चालते, व आजचे कारखानदार किण्वास निराळें पोषण देतात. वैद्य आसवांत धायटीचीं फुलें टाकीत, तीं याच कामीं येत: फुलांबरोबर किण्व येतें. मोहाची दारू मात्र भट्टीवर गाळावी लागते. मीड गाळलें जात नाहीं, तें मुरवून निवळतें. त्यामुळें दोहोंच्या तीव्रतेंत मोठें अंतर आहे. मध तापवूं नये हा चरकाचा निषेध प्रसिद्धच आहे, आणि सुगंध उडूं नये म्हणून आजचे कित्येक मीड करणारेही मध उकळीत नाहींत. कारणें निराळीं, हात तोच.

डहाणू तालुक्यांतील घोलवड हें चिकूसाठीं नांवाजलेलें गांव; शासनाच्या 'मधाचे गाव' या योजनेंतही त्याची निवड झाली आहे. शेजारच्या बोर्डीस चिकूची वाइन निघूं लागली आहे. फळ, माशी व मद्य हीं तिन्ही इतकीं जवळ आलीं असतां येथील मधाचेंही मीड होईल, यांत नवल नाहीं. झालें तर तें नवें म्हणूनच चांगलें म्हणावें. त्यासाठीं मनूस वेठीस धरण्याचें प्रयोजन नाहीं.

संग्राहकांस एक विनंति. सूचींत 'मधु' किंवा 'माध्वी' यांपुढें 'मधाचें मद्य' असें एकदम लिहूं नये. कृतींत क्षौद्र किंवा माक्षिक हे निःसंदिग्ध शब्द आहेत कीं मधूकपुष्प, कीं मृद्वीका, हें पाहावें. कृतीच नसेल तर मूळ शब्द तसाच ठेवून पानाचा क्रमांक द्यावा.