रंध्याखालचं शास्त्र

पेरणीच्या पाभरीला तीन किंवा चार फण असतात. प्रत्येक ओळीत बी सारखंच पडायला हवं, पण पेरणाऱ्याची मूठ एकच. ही अडचण सोडवतं ते चाडं. लाकडाची कोरलेली वाटी, तळाशी फणांइतकी भोकं आणि प्रत्येक भोकापासून फणापर्यंत उतरणारी नळी. भोकांच्या अंतरात किंवा आतल्या उतारात जराशी चूक राहिली, तर ती पंधरवड्यानंतर शेतात उगवून दिसते.

पुणे जिल्ह्यात मंचरच्या पूर्वेला निरगुडसर आणि आसपासच्या गावांत, तसंच जुन्नर-आंबेगावच्या साऱ्या पट्ट्यात, अशी कामं सुताराच्या घरच्या कामठ्यावर होत. पडवीचा एक कोपरा किंवा अंगणातल्या झाडाची सावली, एवढीच जागा. हत्यारं म्हणजे वाकस, करवत, रंधा, पटाशी, गिरमिट आणि गुण्या. कागदी आराखडा नसे. रुमण्याची उंची ठरे ती औत हाकणाऱ्याच्या हातावरून, जुवाची लांबी ठरे ती बैलांच्या जोडीवरून.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचं तपशीलवार वर्णन आहे. सुतार हा थोरल्या कासेतला, म्हणजे पहिल्या दर्जाचा बलुतेदार. वर्षभर औतं नीट ठेवायची आणि खळ्यावर धान्याच्या रूपानं बलुतं घ्यायचं, असा हा व्यवहार. त्याचा परिणाम थेट वस्तूच्या घडणीवर झाला. घडवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस एकच असल्यामुळे सांधे सोडवता येतील असेच केले जात. पाचर काढली की झिजलेला भाग निघे, नवा बसे आणि बाकीचं औत तसंच चालू राही.

बैलगाडीचं चाक हा या विचाराचा सर्वांत सुंदर नमुना. मध्ये तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर जोडलेले पुठ्ठे आणि सगळ्यांवरून लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळात ती तापून फुगते, तशीच चाकावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात. आकसताना ती सगळे सांधे एकाच वेळी आवळते. खिळा लागत नाही, सरसही लागत नाही. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली, तर चाक पाण्यात भिजवून फुगवतात किंवा धाव उतरवून पुन्हा चढवतात.

लाकूड असं सतत हलत असतं. दमट हवेत ते फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. लांबीत हा फरक जवळजवळ नसतो, रुंदीत मात्र चांगलाच असतो. खोडाच्या वर्तुळांच्या दिशेनं होणारा बदल त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतो. फळी वाकते, चिरते, खण पावसाळ्यात अडकतो, ते यामुळेच.

या कारागिरीची मुळं याच जिल्ह्याच्या डोंगरांत दिसतात. जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या चैत्यगृहात छताच्या कमानी दगडात कोरल्या आहेत, पण त्यांचा आकार लाकडी छताचा. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या अजून जागेवर आहेत. तिथल्या एका शिलालेखात दरवाजा घडवणाऱ्याचं नाव कोरलं आहे: धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा.

डिंभे धरणाच्या पाण्यानं आंबेगावच्या पूर्व भागात ऊस आला, पाठोपाठ ट्रॅक्टर आणि लोखंडी औतं आली, आणि कामठ्यावरचं काम आटलं. अपवाद बैलगाडा शर्यतींच्या गाड्यांचा. या शर्यतींवर २०१४ साली बंदी आली होती. २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि मे २०२३मध्ये घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा कायदा वैध ठरवला. त्यामुळे शर्यतीच्या घाटात पळणाऱ्या हलक्या गाड्याची घडण टिकून आहे. सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे, आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळतं. शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथं मुलं हातांनी वस्तू घडवत शिकतात.

सुतारकामाला घरी सुरुवात करणाऱ्यासाठी चौरंग हा उत्तम पहिला प्रकल्प. सागाची वाळलेली फळी घ्यावी; उघड्या हवेत वाळायला इंचभर जाडीमागे सुमारे एक वर्ष, हा जुना ठोकताळा. बाहेरचा फिकट भाग टाळावा, त्याला भुंगा लागतो. पायांना जोडणाऱ्या पट्ट्यांचं कुसू, म्हणजे खाचेत शिरणारं टोक, पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवावं आणि खाच त्याला घट्ट बसेल अशीच कोरावी. जुळणी करताना दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान आले, तर चौकट काटकोनात आहे. सांध्यात सरसाऐवजी बांबूची खुंटी ठोकली, तर पुढे तो सोडवता येतो. वरची फळी मात्र घट्ट जखडू नये. स्क्रूसाठी आडवी लांबट भोकं ठेवली, की पावसाळ्यात तिला फुगायला वाव मिळतो.

शेवटी जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. तेलाची फडकी चुरगळून ठेवली तर आपोआप पेटू शकतात, म्हणून ती बाहेर पसरून वाळवावीत. पुढे तीन-चार वर्षांनी एखादा पाय डुगडुगू लागला, तर तेवढी खुंटी काढून नवी, किंचित जाड ठोकायची.