धार-देवासचे पवार आणि भोजराजाचा वंश

धार ही भोजराजाची राजधानी. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात परमार वंशातल्या या राजाने तिथून माळव्यावर राज्य केले. पुढे अठराव्या शतकात मराठ्यांनी माळवा घेतला तेव्हा धार पवारांकडे आली, आणि शेजारच्या देवासातही पवारच बसले. परमार आणि पवार ही नावे इतकी जवळची की पुढची गोष्ट आपोआप जुळते: सुलतानांनी हाकललेले परमार दक्षिणेत उतरले, मराठे झाले आणि सव्वाचारशे वर्षांनी वाडवडिलांच्या नगरीत परतले. माळव्यात ही गोष्ट अभिमानाने सांगतात. महाराष्ट्रातही पवार आडनावाची कितीतरी माणसे ‘आम्ही मूळचे धारचे’ असे सहज म्हणून जातात. यात पुराव्याला काय टिकते आणि काय टिकत नाही, हे वेगळे करून पाहायला हवे, कारण या गोष्टीमागे धार-देवासच्या पवारांचा कागदोपत्री नोंदलेला इतिहासच झाकून जातो आणि तो इतिहास कुठल्याही वंशकथेइतकाच मोलाचा आहे.

धार-देवासचे पवार पिढ्यान्‌पिढ्या माळव्यातच राहत आले, हा पहिला गैरसमज. हे घराणे महाराष्ट्रातले. त्याचा माग पारनेर तालुक्यातल्या सुप्यापर्यंत लागतो. साबूसिंग पवार हा त्याचा ज्ञात मूळ पुरुष, त्याचा मुलगा कृष्णाजी शिवाजी महाराजांच्या सेवेत होता, आणि पुढच्या पिढीतल्या बुबाजी, रायाजी, केरोजी या भावांनी राजाराम महाराजांच्या पडत्या काळात तलवार गाजवली. ‘विश्वासराव’ हा किताब घराण्याला त्या काळातला. माळव्यात त्यांचे पाऊल पडले ते बाजीराव पेशव्याच्या मोहिमांबरोबर. 29 नोव्हेंबर 1728 रोजी आजच्या धार जिल्ह्यातल्या अमझेऱ्याला चिमाजी अप्पांनी मोगल सुभेदार गिरधर बहादुराचा पराभव केला, त्या लढाईत उदाजी पवार आघाडीवर होता. उदाजी हा या मंडळींतला सर्वांत कर्तबगार, पण धार त्याच्या वंशाकडे गेली नाही. 1731 मध्ये डभईला पेशवे आणि सेनापती दाभाडे समोरासमोर आले तेव्हा तो दाभाड्यांच्या बाजूला राहिला, पेशव्यांची मर्जी उतरली आणि धारची जहागीर त्याचा भाऊ आनंदराव याच्या हाती स्थिरावली. भोजाच्या गादीवर हक्क सांगत कोणी आलेले या हकिकतीत दिसत नाही. दिसतात ते मोहिमा, चौथाई-सरदेशमुखीच्या वाटण्या, सरंजामाच्या सनदा आणि पेशव्यांच्या दरबारातले राजकारण. उदाजीने 1731 मध्ये दुसरी बाजू धरली असती, तर धारचे संस्थान बहुधा त्याच्या नावाने ओळखले गेले असते.

देवासबद्दलही असाच एक गोंधळ आहे. थोरली पाती आणि धाकटी पाती या देवासच्या दोन शाखा म्हणजे दोन वेगळी घराणी, किंवा एक मोठे राज्य आणि एक छोटे राज्य, असे बरेच जण समजतात. तुकोजी आणि जिवाजी हे सख्खे भाऊ, धारच्या आनंदरावाचे चुलतभाऊ. तुकोजी वडील म्हणून त्याची थोरली, जिवाजी धाकटा म्हणून त्याची धाकटी. फरक भावांच्या वयाचा; राज्याच्या आकाराचा किंवा मानाचा नाही. पुढे इंग्रजी अमलात दोन्ही राजांना सारख्याच पंधरा तोफांच्या सलामीचा मान होता. एका लहानशा गावात दोन राजे नांदत, शहराच्या मुख्य रस्त्यावरून हद्द जाई आणि तिच्या दोन्ही अंगांना वेगवेगळे अंमल. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खाजगी चिटणीस होता. त्याच्या ‘द हिल ऑफ देवी’ या 1953 च्या पुस्तकामुळे हे गाव जगभरच्या वाचकांना माहीत झाले. नावातली ‘देवी’ देवासच्या टेकडीवरची. त्या टेकडीवर चामुंडेबरोबर तुळजाभवानीही आहे आणि ते नाव थेट धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूरची आठवण देते.

आता मुख्य प्रश्न: हे पवार भोजाचे वंशज होते का? माळव्यातल्या परमारांची सत्ता 1305 मध्ये संपली. अलाउद्दीन खिलजीचा सरदार ऐन-उल-मुल्क मुलतानी याने परमार राजा महलकदेव याला हरवले, त्यात महलकदेव मारला गेला. तिथून शिवकालातल्या साबूसिंगापर्यंत साधारण साडेतीनशे वर्षे होतात, म्हणजे बारा-चौदा पिढ्या. या मधल्या काळातला एकही शिलालेख, ताम्रपट किंवा समकालीन कागद महलकदेवाच्या घराण्याला पारनेरच्या पवारांशी जोडत नाही. जोडतात त्या नंतर लिहिलेल्या वंशावळी. संस्थानांना कुळाची थोरवी दाखवणे गरजेचे झाले त्या काळातल्या या वंशावळी आहेत, आणि अशा वंशावळींचा जोडकामाचा भाग नेमका याच अंधाऱ्या शतकांत असतो. जॉन माल्कम 1818 नंतर माळव्याचा कारभार पाहत होता, धारच्या दरबाराशी त्याचा संबंध होता. मध्य हिंदुस्थानावरचा त्याचा ग्रंथ 1823 चा. मराठ्यांच्या यशामुळे धारची राजधानी पुन्हा त्याच नावाच्या कुळाकडे आली या योगायोगाचे त्याला नवल वाटले. पण लगेच पुढे तो लिहितो की हे घराणे माळव्याच्या जुन्या हिंदू राजांपासून आपला वंश सांगत नाही. मला ही नोंद फार महत्त्वाची वाटते. माल्कमला वंशकथा आवडत, तो त्या खुशीने टिपून ठेवी. भोजाचे नाव त्या दरबारात कुळपुरुष म्हणून रोज घेतले जात असते, तर त्याच्या कानावरून ते सुटले नसते.

यावर पहिला आक्षेप भाषेचा. परमार, पंवार, पवार ही साखळी मराठीला अगदी साजेशी आहे. ग्राम-गाव, नाम-नाव यांत जे घडले तेच इथे. हे मला पूर्ण मान्य आहे. नाव तिथूनच आले आहे. पण नाव कुठून आले आणि माणूस कुठून आला, हे दोन निराळे प्रश्न आहेत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: परमार खरोखरच महाराष्ट्रात होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावचा शके 1034, म्हणजे इसवी सन 1112 चा शिलालेख परमार राजपुत्र जगद्देवाचा आहे, वा. वि. मिराशींनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले. नागपूरची प्रशस्तीही परमारांचीच, 1104-05 ची. म्हणजे भोजानंतरच्या शतकात विदर्भाच्या काही भागात परमारांचा अंमल होता आणि त्यांच्याबरोबर आलेली काही कुटुंबे इथे राहिली असणे अगदी शक्य आहे. पण या आक्षेपाने लोकप्रिय कथा बळकट होत नाही, उलट ढिली पडते. परमार 1305 च्या आधी दोनशे वर्षे विदर्भात होते, तर ‘पराभवानंतर दक्षिणेत उतरले’ हे सूत्रच लागू पडत नाही. परमारांचे स्वतःचे मूळही तितकेसे सरळ नाही. अबूच्या अग्निकुंडातून कुळपुरुष निघाल्याची कथा प्रथम भेटते ती भोजाच्या वडिलांच्या, सिंधुराजाच्या काळातल्या पद्मगुप्ताच्या काव्यात. त्याआधीच्या, 949 च्या, परमार राजा सीयकाच्या हरसोल ताम्रपटात अग्निकुंड नाहीच, आहेत ते दक्षिणेतले राष्ट्रकूट. त्यामुळे काही इतिहासकार परमारांना राष्ट्रकूटांच्याच गोतातले मानतात. ते खरे असेल, तर उत्तरेतून दक्षिणेत येणारा बाण उलटा फिरवावा लागेल.

दुसरा मोठा गैरसमज असा की पवार म्हटले की एक कूळ. आडनाव आणि कूळ यांतला फरक मराठी समाजाला चांगला ठाऊक होता; तो आपण अलीकडे विसरलो. फलटणचे निंबाळकर स्वतःला परमारांपैकी मानतात. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वज धारहून आला आणि निंबळक गावावरून निंबाळकर हे नाव पडले. शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई त्याच घराण्यातल्या. म्हणजे पवार हे आडनाव न लावणारे लोक परमार कूळ सांगतात. उलट पवार आडनाव लावणारे लोक मराठ्यांपुरते मुळीच नाहीत. बंजाऱ्यांत राठोड, चव्हाण यांच्या जोडीने पवार हे प्रमुख कूळनाव आहे. पारध्यांत पवार आहेत. महार समाजात आहेत. 1978 च्या ‘बलुतं’चे लेखक दया पवार हे सर्वांना माहीत असलेले नाव. कोल्हापूरकडे हेच नाव ‘पोवार’ असे लिहितात. गोंदिया, भंडारा आणि बालाघाटात वैनगंगेच्या खोऱ्यात धानशेती करणारा, तळी बांधणारा पोवार समाज आहे, त्याची पोवारी बोली मराठ्यांच्या मराठीपेक्षा वेगळी. रसेलच्या 1916 च्या जाती-जमातींच्या ग्रंथात त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि नगरधन-रामटेकमार्गे माळव्यातून आल्याची परंपरा तेही सांगतात. बैतूल, छिंदवाडा आणि वर्ध्याकडचे भोयर पवार आणखी निराळे. उत्तरेला गढवालचे पंवार राजे, गुजरातेत परमार, माळव्यातच राजगढ-नरसिंहगढचे उमट. एवढ्या विस्तारलेल्या नावाला एकच उगम असणे संभवत नाही. कोणी राजाचे नाव घेतले, कोणी आश्रय देणाऱ्या सरदाराचे, कोणी पाटलाचे. कुणाला शाळेत नाव घालताना मास्तरांनी ते दिले असेल. यात कमीपणा कसलाच नाही. आडनावे अशीच रुजतात. लग्न ठरवताना आपली माणसे नुसते आडनाव न बघता देवक विचारत, कूळ विचारत, ती याच कारणासाठी.

राजघराण्यांत तरी रक्ताची साखळी अखंड असेल असे वाटते. तिथेही तसे नाही. धारच्या दुसऱ्या आनंदरावाच्या मृत्यूनंतर त्याच्या राणी मैनाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फार बिकट परिस्थितीत संस्थान सांभाळले. त्यांचा लहान मुलगा वारला तेव्हा त्यांनी बहिणीचा मुलगा दत्तक घेतला आणि रामचंद्रराव पवार म्हणून तोच गादीवर बसला. धर्मशास्त्राच्या आणि समाजाच्या दृष्टीने तो पूर्णपणे पवार झाला, आणि ते योग्यच. देवासात उलट घडले. थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार 1947 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले, म्हणजे पवारांचे भोसले झाले. आपल्याकडे आडनाव गादी, वतन आणि पिंडदानाच्या अधिकाराबरोबर चालते. ते बापाच्या रक्ताबरोबरच चालेल असे नाही. मैनाबाईंनी राखलेली गादी मला कुठल्याही अग्निकुंडाच्या कथेपेक्षा जास्त अभिमानाची वाटते.

हे सगळे पाहून कोणी विचारील, मग आडनावाच्या नकाशातून इंग्लंडात जसे मूळ गाव शोधतात तसे इथे शोधताच येणार नाही का? तिथली पद्धत समजून घेतली, तर तिची मर्यादाही कळते. यॉर्कशरमधल्या साइक्स या आडनावाच्या पुरुषांची वाय गुणसूत्रे 2000 साली तपासली गेली तेव्हा जवळपास निम्म्यांत एकच छाप आढळली. 2009 मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या किंग आणि जॉब्लिंग यांनी 40 ब्रिटिश आडनावे तपासली. आडनाव जितके दुर्मीळ, तितका एक पूर्वज असण्याचा संभव जास्त. स्मिथसारख्या सर्वत्र पसरलेल्या नावात असा संबंध जवळपास दिसतच नाही. पवार हे स्मिथच्या जातीचे नाव आहे. धार आणि देवासच्या घराण्यांनी इंग्रजीत जो खास वर्णविन्यास चालवला, ‘पुआर’ असा उच्चार होणारा, तो मात्र दुर्मीळ आहे आणि देवासच्या राजकारणात आजही दिसतो. त्यावरून माग काढू म्हटले तरी गफलत होते. हा वर्णविन्यास इंग्रज अधिकाऱ्यांच्या कानाने घडवला. त्याच अक्षरांचे पुआर आडनाव पंजाबी शिखांत आहे, आणि त्यांच्याबरोबर ते ब्रिटन-कॅनडात गेले. अक्षरे जुळली म्हणून व्हँकुव्हरच्या शीख कुटुंबाला देवासच्या थोरल्या पातीशी जोडायचे, तर पवार आणि परमार जोडताना झाली तीच चूक पुन्हा होईल.

आपल्या पवारकीचा शोध घ्यायचा असेल, तर धारपासून सुरुवात करू नये, स्वतःच्या गावापासून करावी. कूळ आणि देवक कोणते, कुलदैवत कुठले, पणजोबांचे वतन किंवा शेत कोणत्या गावी होते, त्या गावी येण्याआधी कुठे होते, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांची नावे गावासह मिळतात, कधी सात-आठ पिढ्यांची. माळव्यातल्या मराठी कुटुंबांना पेशवे दफ्तराचा मोठा आधार आहे, गो. स. सरदेसायांनी 1930 पासून त्यातले निवडक कागद खंडांमधून छापले, आणि पवारांच्या माळव्यातल्या स्वाऱ्या त्यांत उदाजीच्या काळापासून जागोजाग सापडतात. त्या कागदांतला पवार घोड्यावर आहे, त्याच्यावर कर्ज आहे, चौथाईच्या हिश्श्यावरून त्याचे होळकरांशी वाकडे आहे आणि पुण्याहून आलेल्या पत्राला तो उशिरा उत्तर देतो आहे.