स्मरणिकेत न बसलेले

आमच्या बोर्डिंगची स्मरणिका गेल्या महिन्यात पोस्टाने माझ्या गावी, कर्नाटकातल्या कडगंचीला आली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर नव्या इमारतीचा रंगीत फोटो. आधी मंत्री-आमदारांच्या शुभेच्छा, मग देणगीदारांची यादी, तीही रकमेच्या उतरत्या क्रमाने. शेवटून दुसऱ्या पानावर, सिमेंटच्या जाहिरातीच्या वर एक काळी चौकट: संस्थेच्या ज्ञात-अज्ञात दिवंगत माजी विद्यार्थ्यांना भावपूर्ण श्रद्धांजली. नाव एकही नाही. ज्यांच्या पंगतीत बसून वाढलो ते कुणाला अज्ञात, हे संपादक मंडळाने लिहिलेलं नाही.

आमच्या टापूत बोर्डिंगचं मोल वेगळं होतं. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतून आणि खाजगी शाळा म्हटली की सरकारचा डोळा वटारलेला. अशा काळात १९२१ साली लोहाऱ्याजवळ हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. १९२९मध्ये तिथे व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक आले. त्यांचं लहानपण आमच्या शेजारच्या गाणगापुरातलं. १९३२च्या जानेवारीत त्यांनी संन्यास घेतला, ते स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि १९३५ला अंबाजोगाईला गेले. तिकडे भालकीच्या मठाचे चन्नबसव पट्टद्देवरू बाहेर उर्दू पाटी लावून आत पोरांना कन्नड शिकवत. नोव्हेंबर १९३८मध्ये वसतिगृहांतल्या मुलांनी वंदे मातरम् म्हणायचा हट्ट धरला, तेव्हा उस्मानिया विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं आणि नागपूर विद्यापीठाने पोटाशी धरलं. ती पिढी आता गेली. पण तिच्यावर पुस्तकं आहेत, चौकांना तिची नावं आहेत. तिची काळजी मला नाही.

पुढची तीसेक वर्षं मी भरभर उलटतो. १९४८ला निजाम गेला, १९५६ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, १९६७ला सीमावादावरचा महाजन अहवाल आला. भाषणं झाली, मोर्चे निघाले. आमच्या घरात यातून एवढंच उरलं की पोराला मराठीत शिकवायचं तर सीमेपलीकडे महाराष्ट्रात धाडायला हवं. म्हणून १९७१च्या जूनमध्ये पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन मी तिकडच्या एका तालुक्याच्या गावी या बोर्डिंगात उतरलो.

मी सांगणार आहे ते त्या दशकाचं. पहिल्याच वर्षी, २२ जानेवारी १९७२ला स्वामीजी हैदराबादेत वारले. संध्याकाळच्या प्रार्थनेत सरांनी ते सांगितलं आणि आम्हाला खाली मान घालून उभं केलं. आमच्यातल्या बहुतेकांना स्वामीजी कोण हे ठाऊक नव्हतं. पण मेलेल्या माणसाचं नाव घेऊन उभं राहायचं असतं, एवढं त्या दिवशी कळलं. ते शिकवणाऱ्या संस्थेलाच पुढे त्याचा विसर पडला.

त्याच वर्षी दुष्काळ पडला. मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, त्याही मोजून. तुरीच्या मुलखातली आम्ही पोरं, पण वरणात डाळ शोधावी लागायची. घरून आलेली शेंगाचटणी पेटीत कुलपाखाली असायची आणि तरी रात्रीत संपायची. भांडणं व्हायची, सकाळी मिटायची. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की कचेरीतला कारकून म्हणायचा, 'तू तर कर्नाटकातला.' गावी आलं की म्हणायचे, 'तू आता तिकडचा.' या दोन्ही वाक्यांचा राग अजून गेलेला नाही. आणीबाणीत सकाळच्या प्रार्थनेनंतर आमच्याकडून वीस कलमी कार्यक्रम पाठ करून घेतला गेला. ज्यांनी तो पाठ करून घेतला, तेच दोन वर्षांनी लोकशाहीवर व्याख्यान द्यायला उभे राहिले.

आमच्या खोलीत आळंदकडचा एक पोरगा होता. गणितात त्याच्या पुढे कुणी नव्हतं. मास्तर फळ्यावर अडले की त्याच्याकडे बघायचे. दहावीनंतर बाप वारला आणि तो सोलापुरात यंत्रमागावर लागला. टॉवेल विणता विणता छातीत कापसाची धूळ भरली, पन्नाशीच्या आतच गेला. त्याच्या पोरीच्या लग्नासाठी आम्ही थोडेफार पैसे जमवले. 'गुणवंत माजी विद्यार्थी' या सदरात तो येणार नाही, कारण तिथे पदव्या लागतात.

बोर्डिंगातल्या दुसऱ्या एका पोराचं नाव घेतलं की मला सरपण आठवतं. नियमाप्रमाणे सरपण आणायची पाळी सगळ्यांची. पण त्याची पाळी आठवड्यातून तीनदा यायची आणि पाणी भरायची कधीच यायची नाही. पंगत एक होती, असं संस्था अभिमानाने सांगते. होती खरी, पण त्याचं ताट नेहमी रांगेच्या शेवटी असायचं आणि आम्ही कुणी 'असं का?' म्हणून विचारलं नाही. भाऊराव पाटलांनी १९२४ला साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका चुलीवर जेवायला लावली. आमच्याकडे पन्नास वर्षांनंतरही पाण्याचा हंडा वेगळ्याच हातांचा होता. तो पोरगा शिकला, प्राथमिक शिक्षक झाला आणि सास्तूरला भाड्याच्या माळवदी घरात राहिला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, चारच्या सुमाराला भूकंप झाला. किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं ओझं झोपलेल्या माणसांवर कोसळलं. हजारो गेले, त्यांत तोही. त्याने शिकवलेली मुलं आज चाळिशीत आहेत. त्यांना त्याचं नाव पाठ आहे, संस्थेला नाही.

नंतरची वर्षं मला कंटाळवाणी वाटतात. अनुदानं, संगणक कक्ष, गटबाजी, निवडणुका. २००९ला केंद्रीय विद्यापीठ स्थापन झालं, पुढे ते कडगंचीच्या माळावर आलं, देशभरची पोरं इथल्या वसतिगृहांत राहू लागली, हे चांगलंच झालं. मग देशातला करोनाचा पहिला मृत्यू १० मार्च २०२०ला आमच्याच कलबुर्गीच्या माणसाचा झाला. पुढच्या वर्षीच्या लाटेत आमच्या वर्गातला आणखी एक जण गेला. बातमी ग्रुपवर आली, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि दहा मिनिटांत कुणीतरी प्लॉटची जाहिरात टाकली.

कडगंचीच्या माणसाला हे विसरणं जास्त खुपतं. सायंदेव आमच्या गावचा. तो यवन अधिकाऱ्याच्या चाकरीत होता, जिवाच्या भीतीने गुरूंपुढे आला आणि गुरुचरित्राच्या चौदाव्या अध्यायात कायमचा राहिला. का राहिला? त्याच्याच वंशातल्या, घरी कन्नड बोलणाऱ्या सरस्वती गंगाधरांनी ते मराठीत लिहिलं आणि त्यात नुसत्या गुरूंचे चमत्कार सांगितले नाहीत. शिष्य कोण, कुठला, त्याच्यावर कसला प्रसंग आला, हेही नोंदलं. कुणाचा पोटशूळ, कुणाचं दारिद्र्य, कुणाची वांझ म्हैस. गुरूची थोरवी शिष्यांच्या हकिगतींतूनच कळते, हे त्या काळी ठाऊक होतं.

प्रत्येक शाळेत दाखलखारीज रजिस्टर असतं आणि ते जपून ठेवावं लागतं. नाव, गाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण, सगळं त्यात आहे. ते घेऊन बसायचं, गावोगाव फोन करायचे आणि एका वहीत लिहायचं: हा काय काम करायचा, कधी गेला, कशाने गेला. टॉवेल विणणारा आणि आमदार एकाच अक्षरात, दाखल झाल्याच्या क्रमाने. याला इमारत निधी लागत नाही. पुढच्या जूनपर्यंत संस्थेने हे केलं नाही, तर आम्ही उरलेले चार-पाच म्हातारे करू. फक्त त्या वहीत अध्यक्षांचा फोटो नसेल.