पैसा परक्याचा, श्रद्धा आपली

अंगारकीला टिटवाळ्याच्या महागणपतीला लांबच लांब रांग लागते. तिथल्या दानपेटीत पडणाऱ्या नोटेला कुणी जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. नोट आत गेली की ती देवस्थानची झाली. पण देणारा एका धर्माचा, घेणारी संस्था दुसऱ्या धर्माची, आणि देणाऱ्याच्या धर्माच्या नावाने घेणाऱ्याच्या पूर्वजांचा शतकानुशतके छळ झालेला असेल, तर ती नोट मुकी राहत नाही. ज्यू संस्थांनी ख्रिस्ती दात्यांचा पैसा घ्यावा काय, हा वाद म्हणूनच मिटत नाही.

हा वाद अमेरिकेचा आणि इस्रायलचा, आपल्याला त्याचे काय, असे कुणी म्हणेल. त्याने टिटवाळ्याहून लोकल पकडावी आणि ठाण्याला उतरावे. तिथे १८७९ सालचे शाअर हाशामाईम हे सिनेगॉग आजही उभे आहे. ते आहे बेने इस्राएलांचे. हा समाज मराठी बोलणारा, कोकणात तेलाचे घाणे चालवणारा. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. केहीमकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडलेली.

या समाजापुढे हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये आले. त्यांनी शाळा काढल्या. बेने इस्राएलांची मुले त्या शाळांत गेली, काही जण तिथे शिक्षकही झाले. विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत छापले. शाळेचा खर्च ख्रिस्ती दात्यांचा होता, आणि हेतू लपवलेला नव्हता. या लोकांनी येशूला मानावे, हीच अपेक्षा होती.

मग झाले काय? ख्रिस्ती झाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांनी अक्षर घेतले, हिब्रू घेतली आणि तीच हिब्रू आपल्या धर्मग्रंथांकडे वळवली. मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांनी ज्यू प्रार्थना मराठीत आणल्या. पुढे १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी मुंबईत समाजाची स्वतःची इस्राएलाइट शाळा काढली. मिशनने दिलेल्या विद्येतून मिशनची गरज संपवणारी शाळा उभी राहिली!

महात्मा फुले यांचेही तेच. ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ख्रिस्ती झाले नाहीत, मात्र तिथले शिक्षण त्यांनी शूद्रातिशूद्रांच्या दारापर्यंत नेले. ज्याची विवेकबुद्धी जागी आहे, त्याला परक्याची मदत विकत घेऊ शकत नाही.

आता आजचे चित्र पाहू. रब्बी येहिएल एकस्टाईन यांनी १९८३ मध्ये ख्रिस्ती आणि ज्यू यांची एक संयुक्त संस्था अमेरिकेत स्थापन केली. ती मुख्यतः इव्हँजेलिकल ख्रिस्त्यांकडून पैसा गोळा करते आणि गरीब ज्यूंवर, इस्रायलला स्थलांतर करणाऱ्यांवर खर्च करते. काही कर्मठ रब्बींनी या पैशाला हात लावू नका म्हणून बजावले. मणिपूर-मिझोराममधील बेने मेनाशे लोकांच्या इस्रायलच्या प्रवासखर्चाचा भारही ख्रिस्ती संघटनांनी उचलला आहे. ज्यांच्या आजा-पणजांना मिशनऱ्यांनी ख्रिस्ती केले, त्यांनाच ज्यू म्हणून इस्रायलला पोचवायला ख्रिस्ती पैसा देतात, ही इतिहासाची गंमतच म्हटली पाहिजे.

विरोधकांचे म्हणणे वाऱ्यावर सोडण्यासारखे नाही. यातील अनेक दात्यांची श्रद्धा अशी की, ज्यू आपल्या भूमीत परतले की ख्रिस्ताचे पुनरागमन जवळ येईल आणि अखेरीस ज्यूही त्याला मानतील. म्हणजे ज्यू हा त्यांच्या लेखी माणूस नव्हे, भविष्यवाणीतले प्यादे! अशा पैशाने स्वाभिमान दुखावणारच. शिवाय पैशाबरोबर राजकारण येते. दात्याला आवडेल तेच बोलण्याची सवय जडते.

परंतु नकार देतो कोण, हेही पाहिले पाहिजे. पूर्वीच्या सोव्हिएत प्रदेशात एकट्या राहणाऱ्या ज्यू म्हातारीला थंडीत सरपण आणि औषध हवे आहे. तिच्या वतीने ‘आम्हाला नको’ म्हणणारा स्वतः उबदार खोलीत बसलेला असतो. भरल्या पोटाचा स्वाभिमान उपाशी माणसावर लादणे, हा आपल्याही ओळखीचा अन्याय आहे.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. पैसा घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. घेताना तीन गोष्टी पाळाव्यात. एक, पै-पैचा हिशेब समाजापुढे उघडा असावा. दोन, मदतीबरोबर उपदेश येणार असेल तर मदत त्याच दिवशी परत करावी. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, त्या पैशातून असे काही उभे करावे की उद्या त्या पैशाची गरजच उरू नये. तिसरी गोष्ट झाली नाही, तर पहिल्या दोन कागदावरच राहतात. कारण ज्याचे घर दुसऱ्याच्या पैशावर चालते त्याला ‘नको’ म्हणता येत नाही.

देणाऱ्याच्या मनात काय आहे, ते घेणाऱ्याच्या हातात नसते. घेतलेल्याचे काय करायचे, हे मात्र पूर्णपणे त्याच्याच हातात असते. कोकणातल्या शनिवार तेल्यांनी ते करून दाखवले. त्यांनी मिशनची पाटी घेतली. पाटीवर काय लिहायचे, ते स्वतः ठरवले.