लोकल, लेट आणि लॅटिन

सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये चर्चेला विषय लागत नाही. परवा खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "इंग्रजी लॅटिनमधून निघाली." समोरच्या काकांनी लगेच कापलं, "अहो, मूळ संस्कृत! मातृ, मदर. बघा की." मी चौथ्या सीटवर अर्धा लटकलेला. दोघंही चुकत होते.

वस्तुस्थिती अशी की इंग्रजी जर्मॅनिक कुळातली. पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन, ज्यूट टोळ्यांनी ती ब्रिटनमध्ये नेली. १०६६ मध्ये फ्रान्समधून आलेले नॉर्मन जिंकले आणि फ्रेंच शब्दांचा पूर आला. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे त्याच्या सहाच वर्षं आधीचा.

त्या पुराचं पाणी आपल्या फलाटापर्यंत पोचलंय. स्टेशन, प्लॅटफॉर्म, ट्रेन, तिकीट, पास हे सगळे फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेले. इंग्रजीचे घरचे शब्द कोणते? फास्ट, स्लो आणि लेट! मटनसुद्धा फ्रेंच, मूळ अर्थ मेंढी. आपल्याकडे मात्र पाटीवर मटन आणि आत बोकड.

मग मातृ-मदरचं काय? नातं खरं, पण मायलेकीचं नव्हे, चुलत बहिणींचं. कलकत्त्यात १७८६ साली विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक, लॅटिनचा उगम एकच असावा, असं मांडलं. पुढे ध्वनींचे नियमही सापडले. पितृ-फादर, त्रि-थ्री, दश-टेन: प चा फ, त चा थ, द चा ट. 'पद'चं 'फूट' होताना तर दोन्ही टोकं बदलली. लॅटिनमध्ये पातेर, त्रेस, देकेम. तिथे जुने ध्वनी जागच्या जागी. म्हणजे इंग्रजी लॅटिनचीही लेक नाही.

"सोपी आहे म्हणून जगभर पसरली," हा तिसरा गैरसमज. 'बट' आणि 'पुट' घोकलेल्या माणसाने तरी असं म्हणू नये. तिला पसरवलं ब्रिटिश साम्राज्याने आणि नंतर अमेरिकेच्या पैशाने. मुद्दाम सोपी घडवलेली एस्पेरांतो १८८७ पासून आहे. तिचा कर्ता झामेनहॉफ, त्याने तिचं व्याकरण सोळा नियमांत बसवलं. तरी गाडीत कुणाला तिचं नाव ठाऊक नव्हतं. शिवाय सोपी म्हटली तरी तिचे बहुतेक शब्द युरोपीयच. आणि इंग्रजी पसरली म्हणून जगाची एकच भाषा झाली असंही नाही: संयुक्त राष्ट्रांत सहा अधिकृत भाषा आहेत.

काका हिरमुसले. म्हटलं, इंग्रजीने आपल्याकडूनही घेतलंय: 'मंगूस' म्हणजे मराठी मुंगूसच. तेव्हा ते खूश होऊन दोन बोटं सरकले. चौथ्या सीटला तेवढंही खूप.